पिशवीतलं कालवण

बँकॉकला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "तिथं रस्त्यावर खायला काय काय मिळतं हो?" की आधी किड्यांची गोष्ट निघते. तळलेले नाकतोडे, तळलेल्या अळ्या, तळलेले रातकिडे! सांगणारा रंगवून रंगवून सांगतो, ऐकणाऱ्या आपण "शी! नको बाई!" म्हणून पदर तोंडाला लावतो, आणि बँकॉकच्या खाण्याची चर्चा तिथंच आटोपते. तेव्हा मीही किडे आधी उरकून घेते. मग निवांतपणे मुख्य गोष्टीकडे वळता येईल.

किडे असतात, हे खरंच आहे. संध्याकाळ झाली की हातगाडी लागते. तिच्यावर पत्र्याच्या ताटांतून ढीग रचलेले असतात. एकात रातकिडे, एकात रेशमाच्या कोशातले किडे, एकात बांबूच्या पोकळीत सापडणाऱ्या पांढुरक्या, लांबट अळ्या. या अळ्यांना थाई लोक 'रोत दुआन' म्हणतात, म्हणजे एक्स्प्रेस गाडी! अंगावरच्या वळ्या पाहिल्या की डबे जोडलेली गाडी आठवतेच. इस्त्री करताना आपण कपड्यांवर पाणी उडवतो ना, तशाच फवाऱ्याच्या बाटलीतून गाडीवाली त्यांच्यावर सोयाबीनचा खारट सॉस उडवते, मिरपूड भुरभुरते आणि पिशवीत भरून देते. परदेशी पाहुण्यांची गर्दी असते अशा भागात तर गाडीवर पाटीच लावलेली : फोटोचे १० बाट! (एक बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये.) न खाता नुसतं 'ईऽऽ' करणाऱ्यांकडूनही तिला चार पैसे सुटतात. खरं गिऱ्हाईक मात्र वेगळं. ते म्हणजे 'ईसान' भागातून पोटासाठी शहरात आलेली माणसं, टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. शब्द आपलाच आहे, नुसता थोडा प्रवास करून आलेला.

यातल्या एका टोळाची हकीगत मला फार आवडली. थाई भाषेत त्याचं नाव 'पतंगा'. शास्त्रीय नावातलाच हा शब्द, आणि आपल्या 'पतंग'चा सख्खा भाऊ. इंग्रजीत तर त्याला 'बॉम्बे लोकस्ट' म्हणतात, म्हणजे मुंबईचा टोळ! १९७८ च्या सुमारास या टोळांनी थायलंडमधल्या मक्याचा फडशा पाडायला सुरुवात केली. विमानातून औषधं फवारली, उपयोग झाला नाही. शेवटी सरकारनंच लोकांना सांगितलं, पकडा आणि तळून खा! लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की पिकाची कीड पुढे बाजारातली वस्तू होऊन बसली. रातकिडे तर आता कोंबड्यांसारखे पाळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे तिथं रातकिडे पाळणारी सुमारे २० हजार ठिकाणं होती.

मी काही ते खाल्ले नाहीत. आमच्या ह्यांनी एक रातकिडा चावून पाहिला आणि "सुकटीसारखा लागतो" असा निकाल दिला. ज्या घरात भाजलेली सुकट आवडीनं खाल्ली जाते, त्या घरानं फार नाक मुरडू नये, एवढंच माझं म्हणणं. झाले किडे.

मैत्रिणींनो, बँकॉकच्या रस्त्यावर मला जे खरोखर अजब वाटलं ते या गाडीवर नव्हतंच. ते होतं संध्याकाळी साडेपाच-सहाला, साध्या राहत्या वस्तीतल्या गल्लीच्या तोंडाशी. गल्लीला तिथं 'सोइ' म्हणतात. सोइच्या तोंडाला दहा-पंधरा गाड्या ओळीनं लागलेल्या. एकीवर नुसती कालवणं. हिरवं, तांबडं, पिवळं, नारळाच्या दुधातलं, बिनदुधाचं, अशी दहा-बारा पातेली. दुसरीवर परतलेल्या भाज्या. तिसरीवर भात. चौथीवर सोलून, फोडी करून ठेवलेली फळं, बरोबर मीठ-साखर-तिखटाची पुडी. आणि मांडणाऱ्या, वाढणाऱ्या, पैसे घेणाऱ्या बहुतेक बायकाच.

त्यांचं पिशवी बांधणं तर बघत राहावं असं. डावभर कालवण पातळ पिशवीत ओतायचं, पिशवीत थोडी हवा धरायची, म्हणजे ती उशीसारखी फुगते. मग रबरबँड दोन बोटांत धरून तोंडाशी असा काही गरगर फिरवायचा की पिशवी उलटी केली तरी थेंब सांडत नाही. सोडायच्या वेळी मात्र रबराचं टोक ओढलं की झालं. चार सेकंदांचं काम! चहा-कॉफीसुद्धा बर्फासह पिशवीत, वर नळी खोचून. सुरुवातीला हे पाहून मला दवाखान्यातल्या सलाईनचीच आठवण झाली.

आणि रांगेत कोण? ऑफिसातून, दुकानांतून, कारखान्यांतून सुटलेल्या बायका. दोन प्रकारची कालवणं, एक भाजी, भात, फळाची पिशवी, अशा चार-पाच पिशव्या बोटांना लटकावून बाई घराकडे. घरी गेल्यावर वाडग्यांत ओतलं की पानं घ्यायची.

थाई भाषेत गृहिणीला 'मे-बान' म्हणतात. मे म्हणजे आई, बान म्हणजे घर. घराची आई. शहरातल्या बायका मोठ्या संख्येनं नोकरीला लागल्या, रोजचं जेवण असं बांधून नेऊ लागल्या, तेव्हा त्यांना एक नाव पडलं : 'मे-बान थुंग प्लास्टिक'. प्लास्टिकच्या पिशवीवाली गृहिणी! टोमणा आहेच त्यात. असं नाव देणाऱ्यानं स्वतः कधी कढई घासली असेल असं मला वाटत नाही.

पण टोमणा असूनही रांग काही कमी झालेली दिसली नाही. आपल्याकडे 'आज जेवण बाहेरून आणलं' हे वाक्य आपण कसं बोलतो ते जरा आठवा. आधी आवाज खाली येतो. मग पाठोपाठ कारण येतं. पाहुणे अचानक आले, गॅस संपला, कंबर धरली. कारणाशिवाय आणलेली भाजी आपल्या घशाखाली उतरत नाही, आणि सासूबाई समोर असल्या तर ताटातही उतरत नाही. त्या सोइच्या रांगेत एकही बाई कारण देताना दिसली नाही. भाषा कळत नव्हती हे कबूल, पण कारण सांगणाऱ्या बाईचा चेहरा कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

याच्यामागं सोय आहेच. भाड्याच्या अनेक खोल्यांना तिथं स्वयंपाकघर म्हणून नसतंच. फार तर गॅलरीत एखादी शेगडी. त्यात ती दमट उष्मा असलेली हवा. दोघा-तिघांसाठी पाच वाण्यांचं सामान आणून, कांडून-वाटून कालवण करण्यापेक्षा वाडगाभर विकत घेणं स्वस्त पडतं. पण नुसती सोय म्हणून सोडून देण्यासारखंही ते नाही. बाजार हा तिथं फार जुन्या काळापासून बायकांचा. जुन्या सयामात पुरुषांना वर्षातले कितीतरी महिने राजाकडे वेठीला जावं लागे. मागं शेत आणि बाजार बायकाच बघत. १६८७ साली फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून आलेल्या ला लूबेअर यानं, इथल्या शहरांत खरेदी-विक्री बायका करतात, हे मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा रस्ते कमी आणि कालवे जास्त. त्यामुळं या बायका होडीतून दारोदार जेवण विकत. अजूनही 'होडीतल्या शेवया' म्हणून एक प्रकार मिळतो, अगदी इवल्या वाडग्यातून. होडीतून काठावरच्या हातात द्यायचं, तर वाडगा लहानच हवा! (त्यात घट्टपणासाठी डुकराचं नाहीतर गाईचं रक्त घालतात, हे मात्र मागवण्यापूर्वी माहीत असलेलं बरं.)

अशा विकणाऱ्या बाईला म्हणतात 'मे-खा'. खा म्हणजे व्यापार. म्हणजे गाडीच्या एका बाजूला घराची आई, दुसऱ्या बाजूला व्यापाराची आई. मला हा शब्द इतका आवडला की मी तो वहीत लिहून घेतला. आपल्याकडे गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका हेच करत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी. पण त्यांच्याकडे जेवायला येत ते गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेले गिरणी कामगार. घरातली बाईच दुसऱ्या बाईच्या हातचं रोज जेवते आणि घरच्यांना जेवू घालते, ही गोष्ट वेगळी.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी तिथं बरीच वर्षं राहतात. त्यांच्या सोइशी एक 'खनोम क्रोक'वाली बसते. तिची गाडी पाहिली आणि मी ओरडलेच, "अहो वहिनी, हे तर आपलं अप्पेपात्र!" खरोखरच तेच. बिडाचा जाड गोल तवा, त्यात अर्ध्या सुपारीसारखे, पण मोठे खळगे. तांदळाच्या पिठीचं नारळाच्या दुधात कालवलेलं पातळ पीठ खळग्यात अर्ध्याहून जास्त ओतते, कडा जमू लागल्या की वर साखर आणि मीठ घातलेलं दाट दूध घालते, झाकण ठेवते. खाली कुरकुरीत, मध्ये खरवसासारखं लुसलुशीत. दोन अर्धे एकमेकांवर ठेवून लाडू करतात. आणि वरून काय घालतात, सांगा? कांद्याची हिरवी पात! गोड पदार्थावर कांद्याची पात म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली होती, पण दुधातलं मीठ त्या पातीला आणि साखरेला असं जुळवून घेतं की दुसरी जोडी मी मागून घेतली. मक्याचे दाणेही घालतात.

घरी करून पाहायचे असतील तर सांगते. एक वाटी तांदळाची पिठी, दोन चमचे शिजलेला भात, चिमूटभर मीठ आणि दीड वाटी नारळाचं पातळ दूध हे मिक्सरमधून काढा आणि अर्धा तास ठेवा. दुसऱ्या भांड्यात वाटीभर दाट दूध, तीन चमचे साखर आणि पाव चमचा मीठ. हे मीठ गाळू नका, सगळी चव त्यातच आहे. अप्पेपात्र चांगलं तापवून तेलाचं बोट फिरवा. खालचं पीठ पाऊण खळगा, मिनिटभरानं वरचं दूध, मग पात किंवा मक्याचे दाणे. झाकून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. अप्प्यांसारखे उलटायचे नाहीत. चमच्यानं कडेनं सोडवायचे.

ही खनोम क्रोकवाली ईसानची. पहाटे तीनला उठते, मंडईतून ताजं नारळाचं दूध आणते, सहाला गाडी लावते. मुलं गावी आजीकडे. वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या नववर्षाला, घरी जाते. वहिनींना मध्ये घालून मी तिला विचारलं, "घरी काय रांधतेस?"

ती हसली. म्हणाली, "घरी कोण रांधतंय? कालवण मी त्या समोरच्या बाईकडून नेते. ती सकाळी माझ्याकडून खनोम नेते." मग तिनं मला उलट विचारलं, "तुम्ही रोज रांधता?" म्हटलं, दोन वेळा. "घरात किती माणसं?" म्हटलं, आता आम्ही दोघंच. "दोघांसाठी!" ती म्हणाली. हा शब्द तिनं ज्या सुरात उच्चारला, त्याला वहिनींच्या भाषांतराची गरज पडली नाही.

तिच्या शेजारच्या गाडीवर 'फोय थोंग' होतं. अंड्याच्या पिवळ्या बलकाची पाकात सोडलेली सोनेरी शेव. बेबिंकाला भरपूर पिवळे बलक वापरणाऱ्या आपल्या गोव्याकडच्या बायकांना हे पाहून नवल वाटणार नाही, कारण दोन्हींच्या मागं पोर्तुगीजच. थायलंडमध्ये या मिठायांचं श्रेय मारिया गुयोमार या बाईला देतात. पोर्तुगीज-जपानी वंशाची ही बाई सयामच्या राजाच्या एका ग्रीक मंत्र्याची बायको. १६८८ च्या उठावात नवरा मारला गेला, तिला दासी करण्यात आलं, आणि पुढं ती राजाच्या मुदपाकखान्यात काम करत होती. मंत्रीणबाईच्या हातात शेवटी झाराच आला.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, या बाईनं परदेशात जाऊन स्वयंपाकघराला कुलूप लावायचं ठरवलं की काय! तसं नाही. सगळंच मला पटलं असंही नाही. गाडीवरच्या कालवणात साखर सढळ आणि अजिनोमोटो त्याहून सढळ. पाच जिन्नसांना पाच पिशव्या आणि पाच रबरं, म्हणजे महिन्याकाठी घरटी किती होतात याचा हिशेब करून पाहा. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या दुकानांनी प्लास्टिकच्या पिशव्या देणं बंद केलं, पण गाडीवरचं कालवण पिशवीतूनच जात राहिलं. आणि एकीची सुटका दुसरीच्या पहाटे तीनच्या उठण्यावर उभी आहे, तिची मुलं आजीकडे वाढताहेत, हेही डोळ्यांआड करता येत नाही. पण तिच्या हातात तिच्या कमाईचे पैसे आहेत. गावाकडचं घर तिनं बांधलं, नवऱ्यानं नाही, हे तिनं न विचारता सांगितलं होतं.

तिला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. फुटपाथची. २०१४ पासून बँकॉकच्या महापालिकेनं चालणाऱ्यांना वाट मोकळी करून द्यायची म्हणून अनेक रस्त्यांवरच्या गाड्या हटवायला सुरुवात केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तर शहराच्या सगळ्या ५० विभागांतून गाड्या काढणार, असं जाहीर झालं. बाहेर बोभाटा झाल्यावर पर्यटकांचे लाडके यावारात आणि खाओ सान हे रस्ते त्यातून वगळत असल्याचा खुलासा आला. म्हणजे किडे विकणाऱ्या, फोटोचे १० बाट घेणाऱ्या गाड्या वाचल्या आणि राहत्या वस्तीतल्या कालवणवालीच्या गाडीवर गदा आली. गंमत पाहा, त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशेलिन या जगप्रसिद्ध खाद्यपुस्तिकेनं बँकॉकमधल्या ज्या मोजक्या ठिकाणांना तारा दिला, त्यात रस्त्यालगतच्या उघड्या दुकानात कोळशाच्या शेगडीवर स्वतः रांधणारी जे फाय ही सत्तरी ओलांडलेली बाई होती. डोळ्यांना मोठा चश्मा लावून ती खेकड्याच्या मांसाचं गुंडाळी-ऑम्लेट तळते, तो फोटो जगभर गेला. एका हातानं तारा, दुसऱ्या हातानं केरसुणी!

चालायला फुटपाथ हवा, हे मलाही कळतं. पण गाडी उठली की रांगेतली बाई काय करणार? वहिनींच्या पलीकडच्या रस्त्यावर हे घडलं आहे. तिथल्या बायका आता वातानुकूलित बाजारातल्या जेवणघरात जास्त पैसे मोजतात, नाहीतर चोवीस तासांच्या दुकानातला थंड डबा गरम करून घेतात. त्यांच्यातली कुणी पुन्हा पाटा-वरवंटा घेऊन बसलेली नाही.

आता शाकाहारी मैत्रिणींसाठी थोडं. तिथं भाजीतही फसगत असते. मुख्य कारण 'नाम प्ला', म्हणजे मासे आंबवून काढलेलं खारट पाणी. मीठ घालावं तसं ते सगळ्यात पडतं. 'सोम तम' ही कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला निव्वळ शाकाहारी. मातीच्या खलात लाकडी बत्त्यानं लसूण, मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे, लिंबू, ताडगूळ पोक-पोक-पोक कुटतात आणि त्यात पपईचा कीस. पण नाम प्ला आणि सोडे असतातच. "माय साइ नाम प्ला" म्हणजे "नाम प्ला घालू नका", हे पाठ करून जा. 'मांगसविरत' म्हटलं तर शाकाहारी हे समजतं. नीट ऐका, तो 'मांसविरती'च आहे. जेवणालाही ते 'आहान' म्हणतात, आपला आहार. पण सगळ्यात खात्रीचा शब्द 'जे'. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. अगदी आपला चातुर्मास! पिवळ्या झेंड्यावर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला असतो.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस बँकॉकमधले पुष्कळ लोक हे 'जे' पाळतात. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ते नऊ दिवस आपल्या घटस्थापनेलाच सुरू झाले. अधिक महिन्याच्या फरकानं एखाद्या वर्षी पुढंमागं होतात, तेवढं पाहून घ्या. त्या दिवसांत सोइसोइतून पिवळे झेंडे लागतात. मांसाच्या गाड्यांवरही सोयाबीनचं आणि गव्हाच्या सत्त्वाचं कालवण शिजतं. सीलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं मारिअम्मन देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं थाई, चिनी, तमिळ सगळेच झेंडूच्या माळा आणि नारळ घेऊन उभे असतात.

जाताना एक करा, दोन पुडांचा स्टीलचा डबा बॅगेत टाका. प्लास्टिक येण्याआधी तिथंही असेच डबे होते, 'पिंतो' म्हणतात त्यांना. मी तो गाडीवर पुढं केला, तर कालवणवालीनं आधी हात पुसले, डबा उलटसुलट करून पाहिला, शेजारणीला हाक मारून दाखवला आणि मग दोन्ही पुडं काठोकाठ भरून दिली. पैसे मात्र एका पिशवीचेच घेतले.